वरच्या चार ओळी

मंडळी, आजचा लेख संगणकाच्या प्रोग्रॅमविषयी आहे, आणि तरीही तो इतिहासाचा आहे. नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की मी मराठी माध्यमातून बीए झालेली, उभी हयात शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलेली बाई. संगणक मला ब्लॉग लिहिण्यापुरता येतो. पण गेल्या दिवाळीत नातू घरी आला होता आणि जेवताना सहज म्हणाला, "आजी, काल दिवसभर काही नवीन लिहिलंच नाही. नुसते इम्पोर्ट लावत बसलो होतो." म्हटलं, आयात-निर्यातीचा धंदा कधी सुरू केलास? मग त्याने समजावून सांगितलं. मला ते इतकं ओळखीचं वाटलं, की पुढचे दोन-तीन महिने मी त्याच्यामागे लागून, वाचून, विचारून त्या गोष्टीचा इतिहास गोळा केला. तो आज तुमच्यासमोर ठेवते.

आधी वस्तू काय आहे ते बघू. प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचना, आणि त्या फाईलींमध्ये लिहिलेल्या असतात. मोठ्या कामात अशा शेकडो, कधी हजारो फाईली असतात. प्रत्येक फाईलच्या अगदी माथ्यावर, खरं काम सुरू होण्याआधी, काही ओळी असतात. त्यांत लिहिणारा सांगतो की मी ह्या ह्या वस्तू दुसरीकडून घेतल्या आहेत. वर्गमूळ काढायचं यंत्र गणिताच्या संचातून घेतलं, आलेख काढायचं अमुक संचातून घेतलं, तारखा मोजायचं आमच्याच दुसऱ्या फाईलीतून घेतलं. पुरणपोळी करताना आपण हरभऱ्याची डाळ आणि गूळ वाण्याकडून आणतो, जायफळ घरच्या डब्यातलं घेतो आणि शेजारणीकडून मोठी परात मागून आणतो, तसंच हे. बहुतेक भाषांत त्या ओळीला इम्पोर्ट म्हणतात. ह्या ओळी नीट लावणं, नको त्या काढणं, आणि सगळ्या फाईलींमध्ये एकाच पद्धतीने लिहिणं हे नातवाचं त्या दिवसाचं काम होतं.

इतिहासाच्या शिक्षिकेला पहिला प्रश्न पडतो तो हा, की हे कधीपासून?

६ मे १९४९ रोजी इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात एडसॅक नावाच्या संगणकाने पहिला प्रोग्रॅम चालवला. मॉरिस विल्क्स त्या कामाचे प्रमुख. प्रोग्रॅम तेव्हा भोकं पाडलेल्या कागदी फितीवर असे. थोड्याच काळात त्या मंडळींच्या लक्षात आलं, की प्रत्येक जण तेच तेच पुन्हा लिहितो आहे. भागाकार, वर्गमूळ, उत्तर छापणं हे सगळ्यांनाच लागतं. मग अशा तयार तुकड्यांच्या फिती करून त्यांचा संग्रह केला. १९५१ पर्यंत त्या संग्रहात ८७ तुकडे जमले होते. विषयवार गट पाडून प्रत्येक गटाला अक्षर आणि प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिलेला होता. ज्याला जो तुकडा हवा त्याने ती फीत काढायची, यंत्रावर तिची नक्कल आपल्या फितीत उतरवायची आणि मूळ फीत जागच्या जागी ठेवायची. त्याच वर्षी विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल ह्या तिघांनी ह्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं.

म्हणजे बघा, पहिली आयात ही अक्षरशः हाताने उचलून आणण्याची होती. कपाटातली मांडणी नीट नसेल तर काम अडणार, हेही तेव्हापासूनचं.

आपल्याकडे ही विद्या फार मागे नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली संगणक बांधला गेला आणि १९६० मध्ये तो कामाला लागला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक असं नाव दिलं. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा अमेरिकन संगणक आला. त्या काळातला फोरट्रान भाषेतला प्रोग्रॅम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. एका कार्डावर एक ओळ. दुसऱ्याने लिहिलेला तुकडा हवा असेल तर त्याच्या कार्डांची जुडी आपल्या गठ्ठ्यात घालायची. गठ्ठा हातातून सुटून जमिनीवर पसरला की काय होत असेल ह्याची कल्पना दहावीचे पेपर तपासणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला करता येईल!

कार्डं गेली, पडदा आणि कळफलक आला, तेव्हा उचलून आणण्याचं काम एका ओळीवर सोपवलं गेलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी ही भाषा घडवली. तिच्यात फाईलच्या माथ्यावर 'इनक्लूड' असं लिहून पुढे दुसऱ्या फाईलीचं नाव द्यायचं. संगणक काय करतो? ती अख्खी फाईल त्या जागी जशीच्या तशी उतरवून काढतो. केंब्रिजच्या फितीचीच ही पुढची पायरी म्हणा ना.

महाराष्ट्रातल्या मुलांची ह्या ओळीशी ओळख फार जवळची आहे. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं सी शिकवणारं 'लेट अस सी' हे पुस्तक आलं आणि देशभरच्या महाविद्यालयांतून वाचलं गेलं. आपल्या बारावीच्या संगणकशास्त्राला बरीच वर्षं सी प्लस प्लस ही सीची धाकटी बहीण होती. ज्यांच्या घरात त्या काळात विद्यार्थी होता त्यांनी हा जप ऐकला असेल: इनक्लूड आयओस्ट्रीम डॉट एच, इनक्लूड कोनिओ डॉट एच. मुलं संध्याकाळी शुभंकरोती म्हणावं तसं हे म्हणत. त्यातलं पहिलं वाचण्या-छापण्यासाठी. दुसरं पडदा पुसण्यासाठी आणि कळ दाबेपर्यंत थांबण्यासाठी, आणि तेही बोर्लंड कंपनीच्या टर्बो सीसारख्या, डॉसच्या काळातल्या साधनांपुरतं.

पुढे गंमत झाली. १९९८ साली सी प्लस प्लसचं अधिकृत प्रमाण ठरलं, त्यात पहिल्या नावातलं 'डॉट एच' गेलं. आणि लिनक्सवर तर कोनिओ डॉट एच मुळात नव्हतंच. त्यामुळे बारावीत पैकीच्या पैकी मिळवलेली मुलं पुढे नव्या यंत्रावर बसली की पहिल्याच ओळीला अडत. आतलं गणित बरोबर, तर्क बरोबर, फक्त माथ्यावरची ओळ त्या यंत्राला अनोळखी. मला ह्यात शिक्षणाचा प्रश्न दिसतो. पाठ केलेली ओळ आणि समजलेली ओळ परीक्षेत सारखीच दिसते. ती कशासाठी आहे, तिच्यातून आपण नक्की काय घेतो, हे ज्याला माहीत होतं तो दोन मिनिटांत ती बदलून पुढे गेला. ज्याला माहीत नव्हतं त्याला वाटलं की आपल्याला प्रोग्रॅमिंगच येत नाही.

अख्खी फाईल उतरवून काढण्याच्या पद्धतीत आणखी एक गोम होती. आणलेल्या फाईलीच्या माथ्यावरही अशाच ओळी असत. त्या आणखी फाईली आणत, त्या फाईली आणखी. लग्नाला एका घराला बोलावलं आणि त्यांच्याबरोबर त्यांचे व्याही, व्याह्यांचे शेजारी असा लवाजमा आला तर जेवणावळ कशी पुरणार? १९८९ साली रॉब पाइक यांनी सीवरच्या एका टिपणात नियमच सांगितला, की अशा आणायच्या फाईलींनी दुसऱ्या फाईली आणूच नयेत. हा नियम सगळ्यांनी पाळला असं काही झालं नाही. जानेवारी २०२२ मध्ये इंगो मोल्नार ह्यांनी लिनक्सच्या गाभ्यासाठी दोन हजारांहून जास्त बदलांचा एक संच लोकांपुढे ठेवला. वर्षाहून अधिक काळ खपून त्यांनी काय केलं होतं? तर मुख्यतः कोणती फाईल कोणत्या फाईलीला माथ्यावर आणते ही गुंतागुंत सोडवली होती. नवीन सोय एकही नाही, फक्त आवराआवर. त्याने गाभा तयार होण्याचा वेग ५० ते ८० टक्क्यांनी वाढतो असं त्यांनी मोजून दाखवलं. माळा आवरायला वर्ष घालवणारा माणूस घरात असावा, पण तो मिळणं कठीण!

आता दुसरा प्रवाह बघू. स्वित्झर्लंडचे निकलाउस विर्थ (हे २०२४ च्या पहिल्याच दिवशी वारले) ह्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस मॉड्यूला-२ ही भाषा केली. तिच्यात अख्खी फाईल उतरवायची नाही. अमुक संचातून तमुक वस्तू घेतो, असं नाव घेऊन सांगायचं. साखर हवी तर एक वाटी साखर, शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर उचलून आणायचं नाही. हीच रीत पुढे पायथॉन ह्या भाषेत आली. पायथॉन १९९१ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा बाहेर पडली. तिचे जनक गिडो व्हान रॉसम. नातू जे लिहितो ते हेच.

पण माणसाचा आळस कुठे जाणार? पायथॉनमध्ये एक पळवाटही आहे. अमुक संचातून, आणि पुढे वस्तूचं नाव न लिहिता चांदणीची खूण टाकायची. म्हणजे 'जे असेल ते सगळं दे'. लिहायला सोपं. तोटा काय, तो नातवाने मला करून दाखवला. शून्य ते चार ह्या आकड्यांची बेरीज करायची आणि सोबत उणे एक हा आकडा द्यायचा. पायथॉनची स्वतःची 'सम' नावाची बेरीज त्याचा अर्थ 'उणे एकपासून सुरुवात कर' असा घेते आणि उत्तर ९ देते. मग माथ्यावर नमपाय ह्या गणिती संचातून चांदणीने सगळं आणलं. त्या संचातही 'सम' नावाची वस्तू आहे आणि ती मुकाट्याने पहिलीच्या जागी बसते. तिच्या लेखी उणे एकचा अर्थ वेगळाच आहे. उत्तर आलं १०. खालची ओळ तीच, एकही अक्षर बदललं नाही. तक्रार नाही, लाल अक्षरं नाहीत, फक्त उत्तर बदललं. पुलाचा भार काढणाऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये हे झालं तर?

इतिहासाच्या अभ्यासकाला हे नवीन नाही. जुन्या लेखनात 'असे म्हणतात', 'जुन्या कागदांत आहे' असं येतं. कुठले कागद, कोणाच्या दप्तरातले, काही नाही. ती चांदणीच! वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि पुढे एकूण बावीस खंड काढले. अस्सल पत्रं छापून लोकांपुढे ठेवली की वाचणाऱ्याला विधान तपासता येतं, हा त्यामागचा आग्रह. फाईलच्या माथ्यावर प्रत्येक वस्तूचं नाव आणि ठिकाण लिहिणं हा मला त्याच जातीचा आग्रह वाटतो. लिहिणाऱ्याला तसं करण्याची गरज फारशी नसते, त्याला सगळं आठवत असतं. गरज असते ती नंतर येणाऱ्याला.

पायथॉनवाल्यांनी २००१ साली लेखनाचे नियम लिहून काढले, त्यांना पेप आठ म्हणतात. शुद्धलेखनाच्या नियमांसारखंच ते. त्यात ह्या ओळींचे तीन गट सांगितले आहेत. पहिला गट भाषेबरोबर आपसूक मिळणाऱ्या वस्तूंचा. दुसरा बाहेरच्या लोकांनी केलेल्या वस्तूंचा. तिसरा आपल्या स्वतःच्या प्रकल्पातल्या वस्तूंचा. दोन गटांमध्ये एक ओळ मोकळी. इतकं साधं. पण त्यामुळे नवीन माणसाला फाईल उघडताक्षणी कळतं की हे काम कोणाकोणावर अवलंबून आहे, आणि त्यातलं आपल्या हातातलं किती, दुसऱ्याच्या हातातलं किती.

दुसऱ्याच्या हातातलं बदललं म्हणजे काय होतं, ह्याचं उदाहरण मला आपल्या मुंबईतच सापडलं. पवईच्या आयआयटीत विमानशास्त्र विभागात प्रभू रामचंद्रन हे प्राध्यापक आहेत. त्यांनी ह्या शतकाच्या अगदी सुरुवातीला शास्त्रीय आकडेवारीची त्रिमिती चित्रं काढणारा एक प्रोग्रॅम सुरू केला आणि त्याला नाव दिलं मायावी. आपल्या राक्षसांच्या गोष्टींतला मायावी. किती छान नाव! वारा पंखावरून कसा वाहतो, तापमान कुठे किती आहे, असे नुसते आकडे घेऊन तो डोळ्यांपुढे चित्र उभं करतो. कोणालाही फुकट वापरता येतो, आणि जगभरचे संशोधक तो वापरतात. २०११ मध्ये त्यांनी आणि गाएल वारोको ह्यांनी मिळून त्यावर शोधनिबंधही लिहिला.

मायावीची दुसरी आवृत्ती अमेरिकेतल्या एन्थॉट कंपनीच्या साधनांच्या कुटुंबात वाढली. त्यामुळे तेव्हा वापरणाऱ्याला माथ्यावर लिहावं लागे: फ्रॉम एन्थॉट डॉट मायावी इम्पोर्ट एमलॅब. कुटुंबातल्या सगळ्याच साधनांना एन्थॉट हे आडनाव पुढे लावलेलं होतं. २०११ मध्ये ह्या कुटुंबाची चौथी मोठी आवृत्ती आली आणि त्यात ते आडनाव काढून टाकलं. आता फक्त 'फ्रॉम मायावी इम्पोर्ट एमलॅब'. छोटं, सुटसुटीत. पण त्या दिवसापर्यंत लिहिलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या माथ्यावर जुनं नाव होतं. कोणा विद्यार्थ्याचा प्रबंध, कोणाची दोन वर्षांपूर्वीची आकडेमोड, सगळं नव्या आवृत्तीवर पहिल्याच ओळीला थांबणार. 'ह्या नावाचं इथे कोणी राहत नाही.'

खांदा कॉलनीत राहणाऱ्याला हे समजायला वेळ लागू नये. आमच्या वसाहतीचं कागदोपत्री नाव नवीन पनवेल पश्चिम, बोलण्यातलं नाव खांदा कॉलनी. जिल्हा पूर्वी कुलाबा होता, १९८१ मध्ये रायगड झाला. त्यानंतरही बरीच वर्षं जुन्या माणसांची पत्रं 'जिल्हा कुलाबा' लिहून येत, आणि पोस्टमन ती मुकाट आणून देत. मायावीच्या मंडळींनी असाच एक पोस्टमन नेमला. ईटीएसप्रॉक्सी नावाचं एक छोटं साधन त्यांनी काढलं. जुन्या नावाने कोणी हाक मारली की ते त्याला नव्या घरी नेऊन पोचवे. नाव बदलणाऱ्याने जुन्या पत्त्यावरच्या पत्रांची सोय करून द्यावी, हा शहाणपणा मला फार आवडला.

पण सोय तात्पुरतीच. कधी ना कधी ओळी बदलाव्या लागतातच, आणि तिथे मांडणीचं महत्त्व कळतं. समजा पन्नास फाईलींच्या प्रकल्पात प्रत्येक फाईलीने आपापल्या परीने, कुठे पूर्ण नावाने, कुठे चांदणीने, कुठे मधेच विसाव्या ओळीवर मायावीला बोलावलं असेल, तर पन्नास ठिकाणी शोधाशोध. त्याऐवजी चित्रं काढण्याचं सगळं काम एका फाईलीत एकवटलं आणि बाकीच्यांनी त्या फाईलीकडून घेतलं, तर बदल एका ठिकाणी. ह्या साधनांच्या कुटुंबाने स्वतःच्या घरातही हीच रीत ठेवलेली आहे. त्यांच्या संचांत एपीआय नावाची फाईल असते. बाहेरच्याला जे जे द्यायचं ते त्या फाईलीत आणून ठेवलेलं असतं. बाहेरच्याने तिथूनच घ्यावं, आतल्या खोल्यांत शिरू नये. जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजाच तो. आत माजघराचं कोठीघर केलं, जिना हलवला, तरी दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याची झळ लागत नाही.

पत्त्यांचाच आणखी एक प्रश्न. आपल्याच प्रकल्पातली दुसरी फाईल बोलवायची, तर पूर्ण पत्ता द्यायचा की 'शेजारची' म्हणायचं? खांदा स्टॉपवर उतरून रिक्षावाल्याला 'सेक्टर सात' म्हटलं तर चालतं. तेच कोणी मुंबईहून फोनवर नुसतं 'सेक्टर सात' विचारलं, तर खारघरचं, कामोठ्याचं की आमचं? पायथॉनमध्ये पूर्वी नुसतं नाव लिहिलं की तो आधी शेजारी बघे आणि मग बाहेर. आपल्या फाईलीचं नाव चुकून भाषेतल्याच एखाद्या संचासारखं असलं, की भलताच माणूस दार उघडायचा. २००३ मध्ये त्यावर पेप ३२८ हा प्रस्ताव आला आणि २००८ अखेरीस आलेल्या पायथॉन ३ मध्ये तो नियम पक्का झाला. नुसतं नाव म्हणजे पूर्ण पत्ता. शेजारच्याला बोलवायचं तर पुढे टिंब देऊन तसं स्पष्ट म्हणायचं.

आणि एक फेरा तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. पहिल्या फाईलीला सुरू होण्यासाठी दुसरीतलं काही हवं, आणि दुसरीला पहिलीतलं. दोघी एकमेकींच्या दारात उभ्या. एका खिडकीवर म्हणतात आधी त्या खिडकीवरचा दाखला आणा, आणि ती खिडकी म्हणते आधी ह्यांचा शिक्का आणा! नातू म्हणाला, असं झालं की ओळी वरखाली करून तात्पुरतं सुटतं, पण खरा उपाय म्हणजे दोघींना लागणारी वस्तू तिसऱ्या फाईलीत काढून ठेवणं. म्हणजे माथ्यावरच्या ओळींतला गोंधळ हा बहुधा आतल्या कामाच्या वाटणीतला गोंधळ असतो. तापासारखंच, अंगावर दिसतो, कारण आत असतं.

मग हे सगळं माणसानेच का करायचं, यंत्र का नाही करत? करतं की. जावा भाषेवाल्यांच्या एक्लिप्स ह्या साधनात तीन कळा दाबल्या की ओळी आपोआप लागतात आणि नको त्या गळतात. २०१३ मध्ये पायथॉनसाठी आयसॉर्ट नावाचं साधन आलं, ते गट पाडून अक्षरानुक्रमे लावून देतं. २००९ मध्ये जाहीर झालेली गो ही भाषा तर इतकी कडक, की आणलेली वस्तू वापरली नसेल तर प्रोग्रॅमच तयार करत नाही. अशा शिक्षिका आमच्या वेळी होत्या! क्रम लावणं हे यंत्राचं काम झालं ते चांगलंच झालं. पण कोणावर विसंबायचं आणि किती, हे यंत्र ठरवत नाही.

आणि ते नीट ठरवलं नाही तर काय होतं, हे जगाने दोनदा पाहिलं. मार्च २०१६ मध्ये एका माणसाने वादातून आपले काही तुकडे सार्वजनिक संग्रहातून काढून घेतले. त्यातला लेफ्टपॅड नावाचा एक तुकडा जेमतेम अकरा ओळींचा. मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरणं एवढंच त्याचं काम. पण मोठमोठे प्रकल्प, बहुतेक स्वतःच्या नकळत, त्यावर उभे होते आणि काही तास त्यांची कामं अडली. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग फोर जे ह्या, नोंदी ठेवणाऱ्या जावाच्या संचात एक भयंकर भोक सापडलं. जगभर लोक आपल्या घरात तो संच आहे का, हेच शोधत बसले. कारण बहुतेकांनी तो स्वतः बोलावलेला नव्हता. त्यांनी बोलावलेल्या कोणाबरोबर तरी तो आला होता. व्याह्यांचे शेजारी म्हटलं ना, ते हे.

ह्यानंतर याद्या मागण्याची रीत पडू लागली. आपल्याकडे २०२४ मध्ये शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने आपल्या सायबर सुरक्षेच्या चौकटीत, आणि त्याच वर्षी सरकारच्या सर्ट-इन संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत, सॉफ्टवेअरमध्ये काय काय घटक आहेत ह्याची यादी ठेवण्याचा विषय घेतला. औषधाच्या वेष्टनावर घटक छापलेले असतात तसं. माझ्यासारख्या निवृत्त माणसाची पुंजी ज्या यंत्रांच्या हवाली आहे, त्यांच्या पोटात कोणाचं काय आहे हे निदान त्यांना तरी माहीत असावं, एवढी माझी अपेक्षा आहे.

आयआयटी मुंबईच्याच फॉसी प्रकल्पाने आणि स्पोकन ट्युटोरियलने पायथॉनचे धडे केले आहेत. स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. माझ्यासारख्या बीएवाल्या बाईलाही त्यातलं बरंच कळतं, तर तुमच्या घरातल्या आठवी-नववीच्या मुलांना नक्की कळेल. त्यांना शिकवणाऱ्यांना एकच सुचवावंसं वाटतं. माथ्यावरच्या ओळी 'ह्या आत्ता लिहून टाका, नंतर कळेल' असं म्हणून पुढे जाऊ नका. पाच मिनिटं थांबा आणि विचारा, ही ओळ पुसली तर खालचं काय बंद पडेल? ज्याला उत्तर देता आलं, त्याला उद्या नावं बदलली, भाषा बदलली, तरी अडणार नाही.

कोणाकडून काय घेतलं हे स्वच्छ अक्षरांत, ठरलेल्या जागी लिहून ठेवणं ही संशोधकाची रीत आणि प्रामाणिक दुकानदाराच्या वहीची रीत. संगणकवाल्यांनी ती पंचाहत्तर वर्षांत, ठेचा खात खात, आपली आपण शोधून काढली. तुमच्यापैकी ज्यांची मुलं-सुना ह्या क्षेत्रात आहेत त्यांनी त्यांना विचारून बघा, तुमच्याकडे इम्पोर्ट कसे लावतात? आणि काय म्हणाले ते मला जरूर कळवा.